ना उपवास, ना रोजा

मराठीत ‘उपाशी’ हा शब्द वरवर फार साधा वाटतो. पोटात काही नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण तो कोण ऐकतंय, यावर तो अर्थ बदलतो. एकादशी धरणाऱ्या बाईला ‘उपाशी राहा’ म्हटलं की साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, रताळं, केळं आणि दोन वेळचा चहा चालतो. माझ्या अम्मीला तेच म्हटलं की तिला रोजा आठवतो. सहरी संपली की मगरिबच्या अजानपर्यंत पाण्याचा घोट नाही, औषधाची गोळीही नाही.

हॉस्पिटलच्या खिडकीवरून मात्र दोघींना एकच वाक्य सांगितलं जातं, “सकाळी उपाशीपोटी या.” दोघीही ते इमानेइतबारे पाळतात आणि दोघींचीही तपासणी अडचणीत येते.

ही तपासणी म्हणजे पेट स्कॅन. अम्मीच्या छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, केमो झाली, आणि त्या काळात तीन वेळा मी तिला घेऊन मराठवाड्यातल्या आमच्या गावातून पुण्याला या स्कॅनसाठी गेलो. पहिल्या वेळी नावापासूनच घोळ झाला. आमच्या घरी दखनी बोलतात आणि दखनीत पेट म्हणजे पोट. “बीमारी छाती में है, तो पेट का स्कॅन कायकू?” असं तिनं विचारलं. ते इंग्रजी आद्याक्षरांचं नाव आहे, पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफीचं, हे मी सांगितलं. त्यानं तिचं समाधान झालं नाही. ‘न्यूक्लिअर मेडिसिन’ अशी पाटी आणि तिच्याशेजारी किरणोत्साराचं पिवळं चिन्ह पाहिल्यावर तर तिनं माझा हात घट्ट धरला. न्यूक्लिअर हा शब्द तिनं फक्त बॉम्बच्या बातम्यांत ऐकला होता.

त्या दिवशी वेटिंग रूममध्ये आमच्या शेजारी बसलेल्या एका मावशींचा स्कॅन रद्द झाला. बोटातून रक्त घेऊन साखर तपासली, ती वाढलेली निघाली. काय खाल्लं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “काही नाही, उपासच आहे. थोडी खिचडी आणि चहा घेतला.” त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या हिशेबानं त्या उपाशीच होत्या. त्यांच्या मुलानं गाडी भाड्यानं केली होती, कामावरून सुट्टी काढली होती. त्यांना पुढची तारीख मिळाली आणि हातात पुन्हा तोच कागद मिळाला. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, सहा तास काही खाऊ नये, पाणी भरपूर प्यावं. तो कागद त्या घरात कुणाला वाचता येत नव्हता.

या तपासणीत असं काय आहे की साबुदाणा आड यावा? ते समजून घेतलं तर सगळ्या सूचना आपोआप लक्षात राहतात.

पेट स्कॅनमध्ये जे औषध शिरेतून देतात, ती एक प्रकारची साखरच असते. ग्लुकोजच्या रेणूत थोडा बदल करून त्याला फ्लोरिन-18 हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. त्याला एफडीजी म्हणतात. पेशीला ती साखरच वाटते, म्हणून पेशी तिला आत घेते. पण आत गेल्यावर ही साखर नेहमीसारखी जळत नाही. पहिल्या पायरीवरच अडकून पडते. जिथं साखरेची ओढ जास्त, तिथं ही नकली साखर जास्त साठते. फ्लोरिनमधून निघणारा पॉझिट्रॉन शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघेही नष्ट होतात आणि विरुद्ध दिशांना दोन किरण सुटतात. मशीनचं कडं ते दोन्ही टिपतं आणि ते कुठून निघाले, याचा नकाशा काढतं.

कर्करोगाच्या पेशी साखरेला हावरट असतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी 1920 च्या दशकात दाखवलं होतं. त्या हावरटपणाचाच इथं उपयोग केला जातो. एफडीजी माणसाला पहिल्यांदा दिलं गेलं ते ऑगस्ट 1976 मध्ये, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. ते देणारे डॉक्टर अबास अलवी मूळचे इराणमधल्या तबरीझ शहराचे. औषध तयार झालं होतं न्यू यॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत आणि तिथून ते विमानानं आणावं लागलं, कारण दर 110 मिनिटांनी त्यातला किरणोत्सार निम्मा होतो. आपल्याकडे परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून अणुवैद्यकाचं काम करतंय. देशातला पहिला पेट स्कॅनर 2002 मध्ये तिथंच आला.

आता खिचडीकडे येऊ. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तो पोटात गेला की रक्तातली साखर वाढते, मागोमाग इन्सुलिन वाढतं. इन्सुलिन स्नायूंना आणि चरबीला साखर आत ओढायला लावतं. अशा वेळी एफडीजी दिलं तर तेही स्नायूंत जाऊन बसतं. गाठीच्या वाट्याला थोडं येतं, आणि चित्रात हातपाय, मांड्या उजळतात. जी लहानशी गाठ शोधायची, तीच फिकी पडते. उपाशी राहायचं ते एवढ्यासाठी. पोट रिकामं हवं म्हणून नाही, इन्सुलिन शांत हवं म्हणून. म्हणूनच बिनसाखरेच्या चहातलं दूध चालत नाही, लिंबूसरबत चालत नाही, खोकल्याचं गोड औषध आणि तोंडात धरलेली बडीशेपेची गोडगोळीही चालत नाही. साधं पाणी मात्र चालतं. नुसतं चालतं असं नाही, ते हवंच असतं. ही नकली साखर लघवीवाटे बाहेर पडते. पाणी कमी प्यायलं तर ती मूत्रपिंडात आणि मूत्राशयात रेंगाळते, तिथला किरणोत्सार जास्त वेळ राहतो आणि ओटीपोटाचं चित्र झाकोळतं.

म्हणजे हा उपवास एकादशीचाही नाही आणि रमजानचाही नाही. एकादशीला जे चालतं ते इथं चालत नाही, आणि रोजात जे चालत नाही ते इथं आवर्जून घ्यायचं.

आमच्या तिसऱ्या स्कॅनची तारीख रमजानात आली. आधीच्या वर्षी केमोमुळे अम्मीचे सगळे रोजे सुटले होते. लहानपणापासून रोजे धरणाऱ्या बाईला ते किती लागलं असेल, हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही. पण त्या वर्षी ती शब-ए-बरातपासून दिवस मोजत होती. पहिले नऊ रोजे नीट झाले. तारीख कळल्यावर ती खुशीतच म्हणाली, “उपाशीच आना है ना? मेरा तो रोजाच है.” एका कामात दोन कामं होतील, असा तिचा हिशेब होता.

मी पाण्याचं सांगितलं तशी ती गप्प झाली. मग म्हणाली, ईदनंतर करू. पण डॉक्टरांना पुढची औषधं ठरवायची होती आणि त्यासाठी ते या स्कॅनची वाट बघत होते. तीन आठवडे थांबणं त्यांना मान्य नव्हतं.

अम्मीच्या सांगण्यावरून मी आमच्या मशिदीच्या मौलानांकडे गेलो. त्यांनी मला जे प्रश्न विचारले, ते मला आजही महत्त्वाचे वाटतात. त्यांनी विचारलं, ही सुई शिरेत देतात की मांसात? तिनं अंगात ताकद येते का? सलाईनमधून ग्लुकोज चढवतात, तसं आहे का? मी सांगितलं की ही साखरेसारखी आहे, पण शरीराला ती जाळता येत नाही. तिच्यानं पोषण होत नाही. ते हसले. म्हणाले, मग सुईचा प्रश्न सोपा आहे. जे पोसत नाही अशा इंजेक्शननं रोजा तुटत नाही, असं अनेक उलेमा मानतात. प्रश्न पाण्याचा आहे, आणि पाण्याचं उत्तर डॉक्टर देईल.

डॉक्टरांचं उत्तर स्पष्ट होतं. पाण्याशिवाय मशीन चालणारच नाही, असं त्यांनी सांगितलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की अम्मीची मूत्रपिंडं केमोनं आधीच थकली आहेत, स्कॅनबरोबर सीटीचं आयोडीनवालं औषधही देणार आहेत, त्यामुळे दिवसभर कोरडं राहणं तिच्या प्रकृतीला घातक आहे. मी ते मौलानांना कळवलं. ते म्हणाले, कुरआनात रोजाचा हुकूम ज्या आयतींत आहे, त्याच आयतींत आजारी माणसाला सवलत दिली आहे. तो रोजा नंतर दुसऱ्या दिवशी धरावा. सवलत देणाऱ्यानंच हुकूम दिलाय. एक घ्यायचा आणि दुसरी नाकारायची, हे कसं चालेल?

अम्मीला मसला पटला. तरी पाणी पिणं सोपं नव्हतं. रमजानात, दिवसाउजेडी, भरलेल्या रेल्वेच्या डब्यात बुरख्यातल्या बाईनं बाटली तोंडाला लावायची म्हणजे काय, हे आमच्या घरांतल्या बायकांना विचारा. पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, हे शरियतच सांगते; पण त्या दिवसांतही बायका सहरीला उठतात, दिवसभर पुरुषांसमोर रोजेदारासारख्या वावरतात आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पाणी पितात. अम्मीनं तीस-पस्तीस वर्षं ते केलं होतं. आताही ती दर वेळी उठून डब्याच्या दुसऱ्या टोकाला जात होती. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, “अम्मी, इथंच पी.” ती इथंच प्यायली. समोरच्या दाढीवाल्या चाचांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. मला वाटतं, ते तिचा मान राखत होते.

इंजेक्शननंतर जवळजवळ तासभर एका वेगळ्या खोलीत शांत पडून राहावं लागतं. या तासाचे नियम कुणी नीट सांगत नाही. जो स्नायू काम करतो, तो साखर खातो, आणि चित्रात तोच उजळतो. आदल्या दिवशी जड काम केलं, फार चाललं तर मांड्या उजळतात. च्युइंगम किंवा सुपारी चघळली तर जबडा. थंडी वाजली तर मानेच्या आजूबाजूची एक विशिष्ट चरबी अंग गरम ठेवायला साखर जाळते आणि गाठीसारखी दिसू शकते. म्हणून तिथं पांघरूण देतात. आणि बोललं तर घशातले, आवाजाचे स्नायू उजळतात.

अम्मी तर तिथं तसबीह घेऊन बसायच्या तयारीत होती. भीती वाटली की ती ओठ हलवत, हलक्या आवाजात यासीन म्हणते. तिच्या पिढीच्या सगळ्याच बायका म्हणतात. तिथली तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, “काकू, तासभर अगदी बोलू नका हं.” अम्मीनं विचारलं, “दुवा भी नहीं?” ती मुलगी थोडा विचार करून म्हणाली, “मनातल्या मनात म्हणा. घशातले स्नायू आराम करू देत.” एवढं एक वाक्य पुरलं. नुसतं ‘बोलायचं नाही’ असं दटावलं असतं तर अम्मीनं ते ऐकलं नसतं. अल्लाहचं नाव घ्यायला मनाई करणारी ही कोण, असंच तिला वाटलं असतं. कारण कळलं आणि ती मनात म्हणत पडून राहिली. जुहरचंही तसंच. त्या तासात रुकू-सजदा करायचे नाहीत. वेळ हातात असेल तर नमाज स्कॅननंतर होते, आणि आजारी माणसाला बसून किंवा पडून, इशाऱ्यानं नमाज पढायची मुभा आहेच.

हिजाबच्या पिना, बांगड्या, आणि दंडाला बांधलेला चांदीचा किंवा पत्र्याचा तावीजही काढून ठेवावा लागतो. धातूमुळे चित्रात खोट्या रेषा आणि ठिपके उमटतात. हे आधी माहीत असेल तर बाई बिनपिनांची ओढणी घेऊन येते, तावीज घरी जपून ठेवते. ऐन वेळी एखाद्या अनोळखी पुरुष कर्मचाऱ्यानं “हे सोडा” म्हटलं की तिला अपमान वाटतो आणि भीतीही वाटते. बाई कर्मचारी मिळेल का, हे आदल्या दिवशी फोनवर विचारता येतं. लाजून गप्प राहण्यापेक्षा ते बरं.

आणखी एक प्रश्न नेहमी उघड्यावर विचारला जातो, “प्रेग्नंट आहे का? अंगावर पाजता का?” सासू आणि दीर शेजारी उभे असताना नव्या सुनेला याचं खरं उत्तर देता येत नाही. पण हे उत्तर खरंच द्यायला हवं. गर्भ असेल तर तपासणी पुढे ढकलायची का, दुसरी करायची का, हे डॉक्टर ठरवतात. बाळ पीत असेल तर किती वेळ थांबायचं, हे ते सांगतात. बरोबरच्या माणसांनी या प्रश्नाच्या वेळी चार पावलं लांब जावं, एवढं आपल्या हातात आहे.

वेळेचा हिशेबही इथं कडक. ज्या हॉस्पिटलकडे स्वतःचा सायक्लोट्रॉन नसतो, तिथं हे औषध दुसऱ्या शहरातून पहाटे गाडीनं येतं. 110 मिनिटांत निम्मं, 220 मिनिटांत पाव. रुग्ण उशिरा आला, किंवा त्याची साखर जास्त निघाली, तर त्याच्या वाट्याचं औषध त्याच्यासाठी थांबत नाही. साखर डेसिलिटरला साधारण 200 मिलिग्रॅमच्या आत हवी. मधुमेह असणाऱ्यांनी म्हणूनच आठवडाभर आधी विचारून ठेवावं, इन्सुलिन कधी घ्यायचं, मेटफॉर्मिनची गोळी किती दिवस थांबवायची. ती गोळी चालू असेल तर आतडी उजळून दिसतात. पण ती आपल्या मनानं कुणी बंद करू नये.

न्यूक्लिअर मेडिसिनच्या त्याच पाटीखाली इतरही तपासण्या होतात, आणि तिथं ‘उपाशी या’ हे वाक्य वेगळ्याच तऱ्हेनं अपुरं पडतं. हाडांच्या स्कॅनला उपाशी राहायचंच नसतं. टेक्नेशियमचं इंजेक्शन दिल्यावर दोन ते चार तास पाणी पीत थांबायचं आणि लघवी करून मशीनखाली जायचं. हृदयाच्या स्कॅनमध्ये चालवण्याऐवजी औषध देऊन हृदयावर ताण आणतात, तेव्हा चहा आड येतो; कॅफीन त्या औषधाचं काम अडवतं. आदल्या दिवसापासून चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद. आमच्याकडे चहाला खाणं-पिणं समजतच नाहीत, म्हणून तो वेगळा सांगावा लागतो. थायरॉइडच्या कर्करोगात आयोडीन-131 द्यायचं असतं तेव्हा एक-दोन आठवडे अन्नातलं आयोडीन कमी करतात. आयोडीनवालं मीठ नाही, समुद्राची मासळी नाही. कोकणातल्या मुस्लिम घरात सुकट, बोंबील, कोळंबीशिवाय दोन आठवडे काढायचे म्हणजे रोजाहून अवघड. पण उपाशी थायरॉइड पेशी मग औषधातलं आयोडीन नीट उचलतात. ते औषध शरीरात जास्त दिवस राहतं, त्याचा किरणोत्सार निम्मा व्हायला आठ दिवस लागतात. त्यामुळे लेकरांपासून लांब राहण्याचे नियमही वेगळे आणि जास्त दिवसांचे असतात.

पेट स्कॅननंतर काही तास लहान मुलांना आणि गरोदर बायकांना जवळ घेऊ नका, असं आम्हाला सांगितलं होतं. अम्मीला सुई दुपारी बाराला दिली होती. संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी चार वेळा निम्मं झालं, म्हणजे सोळावा हिस्सा उरला. लघवीवाटे गेलं ते वेगळंच. पुण्यात मामूंच्या घरी आम्ही इफ्तार केला तेव्हा माझी तीन वर्षांची भाची नानीकडे झेपावत होती. अम्मीनं तिला दस्तरखानाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं आणि लांबूनच खजूर दाखवला. इशाची अजान झाल्यावर तिला मांडीवर घेतलं.

रिपोर्टात काखेतली एक लहान गाठ उजळलेली आली. डॉक्टरांनी औषधं बदलली. अम्मी आज त्या औषधांवर आहे. तो एक रोजा तिनं शव्वालात धरला, घरात कुणालाही न सांगता. आम्हाला कळलं ते दुपारी तिनं चहा नको म्हटला तेव्हा.

त्यानंतर मी एक पानभर मजकूर लिहिला. वर मराठी, खाली उर्दू. डॉक्टरांकडून तपासून घेतला आणि गावातल्या दोन मेडिकल दुकानांत आणि मशिदीच्या फळ्यावर लावला. मौलानांनी जुम्याच्या बयानानंतर तो वाचूनही दाखवला. गावातल्या एका शिक्षक मित्रानं त्याचा वरचा भाग मारुतीच्या देवळाशेजारच्या वाचनालयात लावला. त्यात शास्त्र नाही. हॉस्पिटलला विचारायचे प्रश्न आहेत: किती तास खायचं नाही? पाणी प्यायचं का आणि किती? चहा चालेल का? माझ्या रोजच्या कुठल्या गोळ्या थांबवायच्या? उपवास किंवा रोजा असेल तर काय करू? घरी लहान मूल आहे, कधी जवळ घेऊ? आणि प्रत्येक प्रश्नानंतर एक छोटा शब्द, ‘का?’

सूचना पाळायला आपली माणसं तयार असतात. महिनाभर तेरा तास पाण्यावाचून राहणाऱ्यांना आणि निर्जळी एकादशी करणाऱ्यांना सहा तासांच्या शिस्तीचं काय अवघड? त्यांना फक्त कारण सांगायला हवं, आणि ते त्यांच्या भाषेत सांगायला हवं.